थंड बॉयलरचा काटा

१

दुकान बंद केलं की धाकटा रोज संध्याकाळी थोरल्या भावाच्या घरी जायचा, पण घरात शिरायचा नाही. बाजूच्या बोळातून सरळ मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. किल्ली चौकटीवरच्या फटीत. कुलूप काढायचं, खिडकी ढकलायची, फडकं घ्यायचं आणि इंजिन पुसायला बसायचं. खरं तर त्यावर पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पितळ इतकं लखलखत होतं की वाकलं की स्वतःचंच नाक भोपळ्याएवढं दिसायचं. पण हात रिकामा राहिला की डोकं भरून यायचं. म्हणून हाताला काम.

इंजिन खेळण्यातलं म्हणावं तर खेळण्यातलं, खरं म्हणावं तर खरं. लांबीला माणूस आडवा होईल एवढं, उंचीला गुडघ्याच्या जरा वर. कोळसा खाणारं, पाणी पिणारं, पोटात तांब्याचा बॉयलर असलेलं. गावाबाहेरच्या बागेत हौशी मंडळींनी छोटे रूळ टाकले होते. सुट्टीच्या दिवशी तिथे अशी इंजिनं बाकांसारखे डबे ओढत पोरांना फिरवून आणायची. दादाचं इंजिन अजून त्या रुळांवर गेलं नव्हतं. त्याआधी दादाच गेला. भर दुपारी, याच शेडमध्ये, याच स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. धाकट्याला ते काही पटलं नव्हतं. तो टायरच्या दुकानात काम करायचा. काही बंद पडलं तर त्याला कारण असतं, खिळा असतो, काच असते, निदान झिजलेली जागा तरी असते. उगाच कसं काय बंद पडतं?

त्या संध्याकाळी पुसता पुसता त्याचा हात दाबाच्या गेजवर थांबला. गेज नाण्याएवढं, आत केसाएवढा काटा. इंजिन थंड असलं की काटा शून्याच्या खुंटीला टेकून बसलेला असतो. आज तो टेकलेला नव्हता. खुंटी आणि काटा यांच्यामध्ये फट होती, नख जाईल एवढी.

त्यानं काचेवर टिचकी मारली. काटा खुंटीला जाऊन टेकला.

"चिकटला होतास होय," धाकटा म्हणाला, आणि कुलूप लावायला बाहेर आला. दार ओढताना आतून बारीक आवाज आला. स्स्स्. हवेचा आवाज त्याला कुणी शिकवायला नको होता, सगळा जन्म त्यातच चालला होता. एवढ्याशा वाटेतून भरपूर दाब बाहेर पडताना येतो, तसला तो आवाज होता.

त्यानं दार पुन्हा उघडलं. शेड गप्प. काटा मात्र पुन्हा वर आला होता.

२

"चष्मेवाले, एक विचारू?"

बागेतल्या मंडळींचे बॉयलर तपासणारे गृहस्थ सकाळी सायकल घेऊन दुकानात आले होते. नाव काहीही असो, सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणायचे, कारण एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर आणि एक कायम हरवलेला.

"विचार. पण आधी चाक काढ."

"थंड बॉयलरचा काटा वर येतो का?"

"पत्रा तापला असेल. सगळे कॉक, सगळ्या तोट्या बंद असल्या की आतली हवा फुगते, काटा जरासा उचलला जातो. त्यात नवल नाही." त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "तू काही उद्योग तर केला नाहीस ना?"

"नुसतं पुसतो."

"नुसतंच पूस. रविवारी सकाळी वाफेची चाचणी माझ्यासमोर होईल. तोवर तिथे काडी लावायची नाही. आणि मधली ती पितळी टोपी आहे ना, सेफ्टी वॉल्व्हवरची, तिला तर बोटसुद्धा नाही."

"दादापण तेच म्हणायचा. स्प्रिंग मी जुळवलीय, तुझे राक्षसाचे हात लांब ठेव."

"बरोबर म्हणायचा. दाब हद्दीबाहेर गेला की ते वॉल्व्ह आपोआप उघडतं, जास्तीची वाफ सोडतं आणि बंद होतं. बाकी सगळं चुकलं तरी चालतं, ते एक चुकून चालत नाही."

"पण पाण्याची चाचणी तर झाली ना? ती पास झाली की."

"झाली. त्याच सकाळी." चष्मेवाल्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. "थंड पाणी काठोकाठ भरलं, हातपंपानं दुप्पट दाब दिला. एक थेंब गळला नाही. तुझा भाऊ जोड मारायचा की शपथ घ्यायचा, कळायचं नाही. मी खूश होऊन घरी गेलो. जेवून उठतो तो निरोप आला."

धाकट्यानं चाक पाण्याच्या टबात दाबलं. बुडबुडे शोधायच्या निमित्तानं त्याला मान खाली घालता आली.

"मग आता काय उरलं?" त्यानं तसंच विचारलं.

"विस्तव उरला. पाण्याच्या दाबानं फुटलं तर पायावर सांडतं, चप्पल भिजते. वाफेच्या दाबानं फुटलं तर... ट्रकचा टायर फुटताना बघितलायस?"

"बघितलाय. समोरच्या दुकानाची काच गेली होती."

"तो रबराचा असतो," चष्मेवाले म्हणाले. "मऊ."

३

म्हणे हवा फुगते. ठीक आहे. त्या संध्याकाळी धाकट्यानं तिला फुगायला जागाच ठेवली नाही. बॉयलरच्या तळाचा कॉक उघडून आतलं उरलंसुरलं पाणी बादलीत सोडलं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीचे कॉक उघडे. वाफेचा दांडा पूर्ण पुढे. आता ते पिंप नव्हतं, चाळणी होती. फुंकर मारली तर पलीकडून यावी.

काटा खुंटीवर बसला. धाकटाही खाली बसला. स्टूल रिकामंच होतं, पण त्यावर तो कधी बसत नसे.

मग काटा उठला. झटक्यात नाही. पेंगणारा माणूस हाक ऐकून मान वर करतो, तसा. आणि आवाज आला, स्स्स्. या वेळी दार बंद नव्हतं, तो समोरच होता, आणि आवाज टोपीकडून येत होता.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, हे त्यालाही कळत होतं. पण दादा गेल्यापासून त्याला काही वाटायचंच बंद झालं होतं. भूक नाही, झोप नाही. त्या जागी आज पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते कुतूहल होतं. हे आहे तरी काय?

पंक्चरवाल्याला गळती शोधायची एकच रीत ठाऊक असते. त्यानं वाटीत साबणाचं पाणी केलं, बोटानं फेस घेतला आणि एकेका जोडाला लावत गेला. काचनळी, काही नाही. गेजची नळी, काही नाही. शेवटी टोपी. टोपी उचलायची नव्हती, पण तिच्या बुडाशी फेस लावायला काय हरकत?

फेसातून एक बुडबुडा वर आला. मोठा होत गेला, लिंबाएवढा. त्यावर खिडकी उमटली, उलटी.

"सापडलास," धाकटा म्हणाला.

बुडबुडा फुटला नाही. तो लहान झाला. लहान होत होत बोराएवढा झाला. थांबला. पुन्हा मोठा व्हायला लागला.

धाकट्याच्या हातातली वाटी तशीच राहिली. आजवर त्यानं सायकलींपासून ट्रॅक्टरपर्यंत भोकं बघितली होती. भोकातून हवा बाहेर येते. भोक हवा आत घेत नाही. सोडून, थांबून, परत घेत तर मुळीच नाही.

त्यानं स्वतःचा श्वास रोखून पाहिला. बुडबुडा त्याच्यासाठी थांबला नाही.

"दादा?" असं तोंडातून निघून गेलं, आणि लगेच त्यानं दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

शेवटची चाचणी सोडली, तर दर चाचणीला ते दोघे असेच असायचे. दादा दाराशी पंपावर, धाकटा इकडे गेजपाशी. पंपावरून काटा दिसायचा नाही, म्हणून त्यांची एक रीत होती. काटा लाल खुणेला पोचला की धाकट्यानं पान्यानं बॉयलरच्या चौकटीवर एक ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे बस. दादानं दोन ठोके परत द्यायचे. दोन म्हणजे ऐकलं.

"तोंडानं सांगितलं तर काय बिघडतं?" धाकट्यानं एकदा विचारलं होतं.

"तुझं तोंड एकदा सुरू झालं की बंद कुठे होतं? ठोका एकदाच वाजतो."

४

शनिवारी दुपारी वहिनी मागच्या पायरीवर कपडे पिळत होत्या. धाकटा कोळशाची पाटी घेऊन बोळातून आला, तशा त्या थांबल्या.

"भावोजी, एक विचारू? तुम्ही त्या शेडमध्ये कुणाशी बोलता?"

"इंजिनाशी."

"ते बोलतं का?"

"बोलतं. कळत नाही."

वहिनींनी पिळलेला टॉवेल झटकला. पाणी त्याच्या तोंडावर उडालं. चुकून उडालं की मुद्दाम, ते त्याला कळलं नाही. "मग नीट ऐकून घ्या. कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची सवयच नाही तुम्हाला. अर्ध्या वाक्यात उठता आणि धावत सुटता. हे म्हणायचे ना, याला देवानं पाय आधी दिले आणि कान मागाहून पाठवले." हसता हसता त्यांचा आवाज फाटला. त्यांनी बादली उचलली. "उद्या पहिल्या डब्यात चिमणी बसणार आहे. तिच्या बाबांनी कबूल केलं होतं तिला. सगळी बाग बघायला येणार. एवढं नीट होऊ द्या. बाकी माझं काही म्हणणं नाही."

तेच तर धाकट्याच्या मनात होतं. उद्या सगळ्यांसमोर इंजिनानं मान टाकली तर? टोपीखालून काय गळतंय तेच ठाऊक नसताना पोरीला त्याच्यामागे बसवायचं? त्यापेक्षा आजच पेटवावं. थोडीशी वाफ धरावी. गळती असेल तर वाफ दाखवेल, वाफ काही लपत नाही. चष्मेवाल्यांना कळायच्या आत विस्तव काढून टाकू. विचार त्याला इतका चोख वाटला की तो पुरा व्हायच्या आतच तो शेडमध्ये पोचलाही होता.

५

त्यानं तळाचा कॉक बंद केला, वाफेचा दांडा मागे घेतला. काचनळी अर्धी दिसेपर्यंत बॉयलर भरला. भट्टीत चिंध्या, चिंध्यांवर लाकडाच्या ढलप्या, ढलप्यांवर मूठभर कोळसा. दादाच्याच हातचं बघून शिकलेलं.

"काका, पेटवताय?"

चिमणी दारात उभी होती. दोन वेण्या, दोन लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला.

"तुझ्या गाडीची तालीम. लांब उभी राहा."

लांब म्हणताच ती जवळ आली. इंजिनामागे जोडलेल्या डब्यावर बसली, पहिल्याच, आणि पाय हलवायला लागली. तिथून बॉयलर हातभर लांब.

धाकट्यानं काडेपेटी काढली. काडी ओढणार, तेवढ्यात टोपीकडून पुन्हा ते सुरू झालं. स्स्स्. आज जोरात. चिमणीनंही मान वळवली.

"हे वाजतंय," ती म्हणाली.

"तुलाही ऐकू येतं?" त्याला एवढं बरं वाटलं की काडी हातातच राहिली. "घाबरू नकोस हं."

"मी कुठे घाबरतेय? बाबांचं इंजिन आहे." तिनं वेणी पुढे घेतली आणि रिबिनीचं टोक चघळायला लागली. टोकाला काळा डाग होता. धाकट्यानं तो पाहिला. तेलाचा डाग. शाळेच्या रिबिनीला मशीनचं तेल?

"चिमणे, हा डाग कसला?"

तिनं रिबीन पटकन मागे टाकली. "आई रागावेल. सांगू नका."

"नाही सांगत."

"बाबांनी घेतली होती माझी रिबीन. इथे बांधली होती." तिनं वाफेच्या दांड्याकडे बोट दाखवलं. "म्हणाले, ही रिबीन इथे असेपर्यंत काडी लावायची नाही. कुणी म्हणजे कुणी नाही. काम झालं की मीच सोडून देईन तुला." तिनं रिबीन पुन्हा पुढे घेतली. "मग बाबांनी सोडलीच नाही. आणि शाळेत बाई ओरडतात, दोन वेण्यांना दोन रंग चालत नाहीत म्हणून. तर मी सोडून घेतली."

"कधी?"

"सगळी माणसं आली होती ना घरी, तेव्हा."

धाकट्यानं काडी पेटीत परत ठेवली. पेटी खिशात ठेवली. पेटीवर हात दाबून धरला, जणू ती आपण होऊन पेटेल.

"चिमणे," तो म्हणाला, "उठ तिथून. दाराबाहेर जा. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही."

६

टोपी दोन बोटांनी निघाली. नुसती वर ठेवलेली होती, धूळ जाऊ नये म्हणून. खाली वॉल्व्ह असायला हवं होतं, त्याची स्प्रिंग, तिच्या कडेची वाफ सुटायची भोकं. त्यातलं काहीच नव्हतं. पितळेचा एक भरीव डमी प्लग होता, घट्ट आवळलेला. मुंगीलासुद्धा वाट नव्हती.

त्याला सगळं एकदम कळलं. पाण्याच्या चाचणीत दुप्पट दाब द्यायचा म्हणजे सेफ्टी वॉल्व्ह मध्येच उघडणार. म्हणून ते काढून ठेवतात आणि त्या जागी डमी मारतात. चाचणी झाली की डमी काढायचा, वॉल्व्ह बसवायचं. ते विसरू नये म्हणून रिबीन. दादानं डमी मारला, चाचणी दिली, चष्मेवाल्यांना निरोप दिला, दम खायला स्टुलावर टेकला. बस, तिथेच सगळं राहिलं. नंतर रिबीनही गेली, आणि वरून टोपी दिसायला शहाण्यासारखी.

त्यानं काडी लावली असती तर वाफ चढली असती, चढत राहिली असती, आणि पोरगी हातभर अंतरावर पाय हलवत बसली असती. त्याला टायर आठवला. तो मऊ असतो.

तो खाली बसला. आणि मग दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यात आली. इथे वॉल्व्ह नाही. भोक नाही. मग इतके दिवस वाजत काय होतं?

शहाण्या माणसानं इथे दार ओढून घेतलं असतं. धाकट्यानं पाना घेतला. प्लग ढिला केला, पहिला आटा सुटला, आणि बॉयलरनं श्वास सोडला.

तो लांब होता, ऊबदार होता, आणि त्याला वास होता. मशीनच्या तेलाचा आणि पेपरमिंटच्या गोळीचा. दादा सिगारेट सोडल्यापासून गालात पेपरमिंट धरायचा.

धाकट्यानं प्लग पुरा काढला. भोक अंगठ्याएवढं. त्यानं दादाचा छोटा टॉर्च घेतला आणि डोळा भोकाला लावून आत उजेड टाकला. तांब्याच्या भिंती. नळ्यांच्या रांगेवर काळं, शांत पाणी. पाण्यात टॉर्चचा उजेड, गोल, पिवळा. प्रतिबिंब, दुसरं काय.

खात्री करावी म्हणून त्यानं टॉर्च बंद केला.

आतला उजेड तसाच राहिला. जरा वेळ तो धाकट्याकडे रोखलेला होता. मग सावकाश बाजूला सरकला. हातात दिवा घेतलेला माणूस वाकून बघतो, हवं ते दिसलं की मान वळवून कामाला लागतो, तसा.

७

"वहिनी, दादा काढलेला सुटा भाग कुठे ठेवायचा?"

वहिनी दोरीवर कपडे टाकत होत्या. दीराचा चेहरा बघून त्यांनी चिमटा हातातच धरला. "कुठे म्हणजे? शर्टाच्या खिशात. धुताना माझे हात कापायचे. हजारदा सांगून झालं होतं."

"त्या दिवशीचा शर्ट?"

"तो अंगावरच होता." त्यांचा आवाज खाली आला. "नवा घालू म्हणत होते सगळे. मी म्हटलं नको, कामाच्या कपड्यातलेच ते त्यांचे वाटतात. खिशात जड काहीतरी लागलं हाताला. काढणार होते. मग म्हटलं, असू दे, त्यांचंच असेल. लागेल त्यांना."

धाकटा माघारी वळला. बोळातून परत येताना त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. वॉल्व्ह दादाबरोबर गेलं. जिथे गेलं तिथे ते वाजतंय. आणि सेफ्टी वॉल्व्ह उगाच वाजत नाही. खाली दाब असला तरच वाजतं.

चिमणी उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती, सांगितल्यासारखी. पण मान लांब करून आत बघत होती.

"काका, बाबा पंप मारतायत," ती म्हणाली.

दाराशी हातपंप होता. त्याचा दांडा हलत नव्हता. आवाजही नव्हता. पण काटा चढत होता. वरचं भोक उघडं, प्लग फळीवर, भट्टीत न पेटलेल्या चिंध्या, आणि काटा एकेक झटका देत वर. दादा दांडा दाबायचा तेव्हा जसा यायचा, तसाच, दर झटक्यामागे थोडा दम खात. स्स्स् आता थांबत नव्हतं. त्याची शिट्टी व्हायला लागली होती.

धाकटा गेजपाशी गेला, आपल्या नेहमीच्या जागी. गुडघे टेकले. अंग आपोआप तिथे बसलं.

काटा लाल खुणेला आला. खूण ओलांडली.

"काका, शिट्टी वाजतेय. तुम्ही ठोकत का नाही?"

ठोका म्हणजे बस. ठोका दिला की पंप थांबणार. तो ठोकत नाही तोवर दादा पलीकडे दांडा मारत राहणार, घामानं शर्ट भिजलेला, गालात पेपरमिंट, कान इकडे लावून. काय बिघडलं असतं? इकडे तर भोक उघडं होतं, इकडे काही फुटणार नव्हतं. बसून राहावं. रोज यावं, काटा बघावा, बुडबुडा बघावा. कुणाला सांगू नये.

काटा शेवटच्या आकड्यावर थरथरायला लागला. शिट्टी बारीक होत गेली, दातात कळ जावी तशी.

पण पलीकडेही तांबंच असणार. पलीकडेही कुणीतरी त्यावर वाकून उभं असणार, इकडच्या ठोक्यावर भरवसा ठेवून, काटा न दिसणारं.

"काका!"

"ऐकलं गं," धाकटा म्हणाला. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. त्यानं चाचपून पाना उचलला आणि चौकटीवर ठोका दिला. एकच.

शिट्टी तुटली. काटा थांबला. मग उतरायला लागला, घाई न करता, आणि खुंटीला टेकला. शेडमध्ये एवढी शांतता झाली की बाहेर दोरीवरून पाणी ठिबकताना ऐकू आलं.

चिमणीनं वेणीची रिबीन सोडली, उंबऱ्यातून हात लांब करून त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली आणि वाफेच्या दांड्याला बांधली. दादा मारायचा तशी, दुहेरी गाठ. गाठ आवळून झाली, तरी त्यानं हात तिथेच ठेवला. वाट बघत.

मग आतून, सावकाश, दोन ठोके आले.